पाव, पाव आणि पाव : छोट्या शब्दाचं कूळ कसं शोधायचं

मुंबईत वडापावच्या गाडीपाशी ‘पाव’ या शब्दाचा विषय निघाला की चार मतं ऐकू येतात. पीठ पायांनी तुडवून मळायचे म्हणून पाव, असं एक जण सांगतो. लादीतून मोडलेला चौथा हिस्सा म्हणून पाव, असं दुसऱ्याचं म्हणणं. तिसऱ्याने हल्लीच वांद्र्याला ‘बाओ’ खाल्लेला असतो, त्यामुळे तो थेट चीनला पोचतो. चौथा म्हणतो पोर्तुगीज. चौथ्याचं बरोबर आहे. पण ‘कशावरून?’ असं विचारलं की तोही चटणी मागायला वळतो, कारण त्याने ते कुठेतरी वाचलेलं असतं, तपासलेलं नसतं.

तपासायचं कसं, ते इथे ‘पाव’ याच शब्दावर करून दाखवतो. पुढे हीच पद्धत तुम्हाला हव्या त्या शब्दाला लावता येईल. छोटा शब्द मुद्दाम निवडला आहे, कारण फसगत छोट्या शब्दांतच जास्त होते. लांबलचक शब्द दोन भाषांत योगायोगाने सारखा निघणं अवघड. दोन-तीन ध्वनींचा शब्द मात्र जगातल्या कुठल्याही दोन भाषांत सारखा सापडू शकतो, आणि थोडी कल्पनाशक्ती ताणली की अर्थही जुळवता येतो. म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करा : शब्द एकटा साक्ष देत नाही. साक्ष देतात त्याची भावंडं, त्याचे शेजारी आणि त्याला लागू पडणारे ध्वनींचे नियम.

पहिली पायरी : एक शब्द आहे की अनेक, ते ठरवा

कोश उघडण्याआधी एक कागद घ्या आणि तो आवाज आपल्या बोलण्यात कुठे कुठे येतो ते लिहून काढा. ‘पाव’चं असं दिसतं :

दोन पाव द्या. पाव किलो साखर द्या. देव पावला. नवसाला पावणारा गणपती. पैसे पावले, पावती द्या. पावणेपाचची लोकल. गावाकडचे ‘राम राम पावणं’. पतितपावन. पावसात भिजलो.

आता व्याकरण लावा. खायचा पाव पुल्लिंगी नाम आहे. तो पाव, ते पाव, पावाला, पावात. ‘पाव किलो’मधला पाव संख्याविशेषण आहे आणि तो जागचा हलत नाही, ‘पावात किलो’ असं कुणी म्हणत नाही. ‘देव पावला’मधलं क्रियापद आहे : पावतो, पावला, पावेल. ‘पावसात’ हे तर ‘पाऊस’चं सामान्यरूप, म्हणजे तिथे ‘पाव’ हा शब्दच नाही, नुसता आवाज आहे. ‘पावन’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूचा.

व्याकरण वेगळं म्हणजे कूळ वेगळंच असतं असं नाही. ‘बोल’ हे नामही आहे आणि क्रियापदही, पण मूळ एकच. तरीही प्रत्येक गटाला वेगळा कागद द्या आणि पुढे पुरावा निघाला तर दोन कागद एकत्र करा. उलट दिशेने, म्हणजे आधी सगळे एक धरून मग सोडवत बसणं, फार जड जातं. लोकव्युत्पत्त्या, म्हणजे नुसत्या आवाजाच्या सारखेपणावरून लोकांनी रचलेल्या शब्दांच्या जन्मकथा, जन्माला येतात त्या इथेच, दोन कागद न तपासता एकत्र टाचल्यामुळे.

‘पावणे’चं पाहा. ‘पावणेपाचला पावणे आले आणि देव पावला’ या वाक्यात तीन पावणे आहेत. पहिला पाव कमी असलेला, दुसरा ‘पाहुणे’चा बोलीतला उच्चार, तिसरा प्रसन्न होण्याचा. तिघांची मुळं तीन.

दुसरी पायरी : कोश पाहा, पण क्रमाने

पहिला मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात तो फुकट शोधता येतो. देवनागरीत शब्द टाका आणि नोंदीतला कंस वाचा. शब्द कुठल्या भाषेतून आला याची खूण तिथे अक्षराने दिलेली असते. एक खबरदारी घ्या : ‘पी’ हे एकटं अक्षर दिसलं तर ते फारसीचं आहे. नवखे लोक तिथे पोर्तुगीज वाचतात आणि अख्खा लेख लिहून मोकळे होतात.

मोल्सवर्थ शब्दाचा अर्थ आणि त्या काळचा वापर सांगण्यात अजोड आहे. व्युत्पत्तीसाठी मात्र त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. भाषा एकमेकींशी ताडून त्यांचं नातं शोधणारं तौलनिक भाषाशास्त्र तेव्हा नुकतं उभं राहत होतं.

दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्यात म्हणी, वाक्प्रचार आणि बोलीतली रूपं भरपूर आहेत. तिसरा कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश, १९४६ सालचा. चौथा राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. तो १९६०च्या दशकात पुरा झाला आणि शिकागोच्याच संकेतस्थळावर आहे. टर्नरची मांडणी उलटी आहे. नोंद संस्कृत मूळ शब्दाची असते आणि तिच्याखाली सिंधीपासून सिंहलीपर्यंतची आजची रूपं एका रांगेत दिलेली असतात. त्यामुळे ‘पाव’ शोधताना ‘पाद’ उघडावं लागतं. परक्या भाषेतून उशिरा आलेले शब्द टर्नरमध्ये मिळणार नाहीत. एखादा शब्द तिथे नसणं हीसुद्धा एक खूण असते, पण पुरावा नव्हे.

पोर्तुगीज शब्दांसाठी पाचवं नाव आहे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचं. गोव्यातल्या आसगावचा हा विद्वान. पोर्तुगीज शब्दांनी आशियातल्या कोणकोणत्या भाषांत घर केलं याचा कोश त्यांनी १९१३ साली काढला आणि १९३६ साली बडोद्याहून त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. आपल्याकडे हे नाव जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही.

यातले काही ग्रंथ पडद्यावर वाचणं त्रासाचं होतं. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. कोश टेबलावर उघडून बसलं की मागची-पुढची पानंही चाळली जातात, आणि शोध लागतात ते बहुधा त्या शेजारच्या पानांवर.

तिसरी पायरी : ध्वनी कसे बदलले ते पाहा

खरी परीक्षा इथे आहे. ‘द’चा ‘य’ झाला असेल किंवा ‘प’चा ‘व’ झाला असेल, असं नुसतं म्हणून चालत नाही. तोच बदल दुसऱ्या निर्विवाद शब्दांतही झालेला दाखवावा लागतो. तीन-चार समांतर उदाहरणं हाताशी नसतील तर ती व्युत्पत्ती खिशातच ठेवा.

‘देव पावला’पासून सुरू करू. संस्कृतात ‘प्र’ अधिक ‘आप्’ म्हणजे मिळणे, पोचणे. प्राकृतात त्याचं ‘पावइ’ झालं आणि मराठीत ‘पावणे’. दोन स्वरांमध्ये अडकलेला ‘प’ मऊ होऊन ‘व’ होतो, असा नियम आहे. साक्षीदार : दीपचा दिवा, कपाटचं कवाड, तापचा ताव. सुरुवातीच्या जोडाक्षरातला ‘र’ गळतो, याचे साक्षीदार : ग्रामचा गाव, प्रहरचा पहर. नियम बसला, अर्थही बसला. मूळ अर्थ ‘पोचणे, मिळणे’. पैसे पावले म्हणजे पोचले, ते पोचल्याचा कागद ती पावती, आणि सगळी रक्कम हाती आली की जुन्या दस्तात ‘भरून पावलो’. आज ते आपण वैतागून म्हणतो, ती गोष्ट वेगळी. देव पावतो तेव्हाही तो भक्तापर्यंत पोचतोच.

आता ‘पाव किलो’. संस्कृत ‘पाद’. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात पार गळून पडतो. कदलीचं केळ, बदरचं बोर, ‘खादति’वरून खाणे. ‘पाद’मधला ‘द’ गेला की ‘पाअ’ उरतं. दोन स्वर असे उघडे राहिले की उच्चाराच्या सोयीसाठी मधे ‘य’ किंवा ‘व’ येतो. ‘य’ आला तिथे ‘पाय’ झाला, ‘व’ आला तिथे ‘पाव’. म्हणजे आपण ज्यावर उभे राहतो तो पाय आणि वाण्याकडचा पाव हे सख्खे भाऊ. ‘पायरी’ही याच घरातली.

पण पायाचा आणि चौथ्या हिश्शाचा संबंध काय? चार पायांचं जनावर डोळ्यांपुढे आणा. एक पाय म्हणजे चारांतला एक. हा अर्थ नंतर कुणी जोडलेला नाही, तो वेदकाळाइतका जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्त म्हणतं : ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’. सगळी भूतं हा त्याचा एक पाद, तीन पाद अमृत होऊन द्युलोकात. इथे पाद म्हणजे पाव हिस्साच. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि दर अध्यायाचे चार पाद. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पाद किंवा चरण.

चौथी पायरी : भावंडं गोळा करा

वारशाने आलेला शब्द एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो. ‘पाद’चा मराठीतला गोतावळा पाहिला की शंकेला जागा राहत नाही.

‘सपाद’, म्हणजे पावासकट, त्याचं सव्वा. ‘पादोन’, म्हणजे पाद ऊन, पाव उणा, त्याचं पाऊण आणि पावणे. पावणेपाचची लोकल म्हणजे पाचला पाव तास उणा असताना सुटणारी. अपूर्णांकांच्या या बिरादरीत बाकीचेही असेच आहेत. दीड म्हणजे ‘द्व्यर्ध’, दुसरा अर्धा. अडीच म्हणजे ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. साडेतीनाला जुन्या मराठीत ‘औट’ म्हणत, ते ‘अर्धचतुर्थ’वरून. म्हणून आजोबांच्या पिढीच्या पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी. या रांगेत निमकी तेवढी पाहुणी आहे. ‘नीम’ हा फारसी शब्द, अर्ध्यासाठीचा. कालचे सोबती आज भावंडांसारखे दिसू शकतात, म्हणून रांगेतल्या प्रत्येकाची वेगळी चौकशी करावी.

बाजारात पावशेर होता. नाण्यांत चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि पावली पंचवीस पैशांची झाली. ३० जून २०११नंतर पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं. चार आणे मात्र बोलण्यात अजून आहेत, विशेषतः कुणाची अक्कल मोजताना.

आता खायच्या पावाची भावंडं मराठीत शोधून पाहा. पावापासून झालेलं क्रियापद नाही. सव्वा-पाऊण-पावलीसारखी साधित रूपं नाहीत. ‘पाववाला’, ‘पावभाजी’, ‘लादीपाव’ असे सामासिक शब्द आहेत, पण मुळाकडे नेणारा धागा मराठीच्या आत कुठेच नाही. एकट्याने राहणारा असा शब्द दिसला की बाहेरून आला असण्याची शंका घ्यावी.

पाचवी पायरी : शेजाऱ्यांना विचारा

मुंबईत राहण्याचा हा मोठा फायदा आहे. पुस्तक न उघडता, एका चाळीत किंवा एका डब्यात चार भाषांचे साक्षीदार मिळतात. विचारताना ‘तुमच्यात पावाला काय म्हणतात?’ असं मोघम विचारू नका. तीन वेगळे प्रश्न विचारा : खायचा पाव, पाव किलो आणि पाय.

गुजराती माणूस खायच्या पावाला ‘पाउं’ म्हणतो, नाकातून. फळ्यावर ‘पाउं-भाजी’ असंच लिहिलेलं दिसेल. पाव किलोला तो ‘पा किलो’ म्हणतो. पायाला ‘पग’. तीन गोष्टी, तीन शब्द. बंगाली माणूस पावाला ‘पाउरुटी’ म्हणतो आणि पाव हिश्शाला ‘पोया’. मराठीत जे दोन शब्द घासून घासून एकसारखे झाले, ते या दोन भाषांत आजही वेगळे उभे आहेत. ‘चौथा हिस्सा म्हणून पाव’ ही कथा इथे संपते. मूळ शब्द एक असता तर गुजरातीत आणि बंगालीत तो दोन झाला नसता.

पायांनी मळण्याच्या कथेला तर पुरावाही फार लागत नाही. ती कथा उभी आहे हिंदी ‘पाँव’वर. ज्या किनाऱ्यावर हा पदार्थ रुजला तिथे पायाला मराठीत पाय, कोकणीत पांय आणि गुजरातीत पग म्हणतात. कुणी पीठ पायांनी मळलं असेल किंवा नसेल, पण मराठी माणसाने त्यावरून नाव ठेवलं असतं तर हिंदी शब्द कशाला उसना घेतला असता?

आता आणखी लांबचे शेजारी. सिंहलीत पावाला ‘पान्’ म्हणतात. जपानीत ‘पान’. कोरियन भाषेत ‘प्पांग’, आणि ते जपानीमार्गे. इतक्या लांब लांबच्या, एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांत एकाच पदार्थाला जवळजवळ एकच नाव असेल तर तो पदार्थ आणि ते नाव एकाच हाताने वाटलं गेलं असणार. जिथे जिथे हे नाव आहे तिथे तिथे कोण गेलं होतं, एवढंच आता पाहायचं.

सहावी पायरी : शब्द आला कुठल्या दारातून?

पोर्तुगीज भाषेत पावाला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण ‘पाँउ’, शेवट पूर्ण नाकात. पोर्तुगीज १५०५ साली श्रीलंकेला पोचले. १५३४च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं त्यांच्याकडे आली. १५४३ साली ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. मुंबई त्यांनी १६६१च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला दिली, पण वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, त्यांच्याकडेच होती. गोवा त्यानंतरही. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून. मराठीत न सापडलेलं भावंड कोकणीत असं सापडतं.

पदार्थाबरोबर त्या घरचे इतर शब्दही आले का, हे नेहमी पाहावं. बटाटा, कोबी, काजू, अननस, पगार, चावी, बालदी, घमेलं, तिजोरी, तुरुंग, पाद्री, नाताळ. स्वयंपाकघर, बाजार, कचेरी आणि चर्च अशा सगळ्या खोल्यांत एकाच पाहुण्याचं सामान दिसलं की तो राहून गेला यात संशय उरत नाही. बटाटा मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतला शब्द, पोर्तुगीजांनी इकडे आणलेला. म्हणजे बटाटावडा आणि पाव हे दोघेही एकाच जहाजी मंडळींबरोबर किनाऱ्याला लागले, फक्त त्यांची गाठ पडायला काही शतकं जावी लागली.

तरीही ध्वनींची परीक्षा चुकवू नये. नाकातला ‘आँउ’ मराठीत ‘आव’ होतो याला दुसरा साक्षीदार कोण? आहे, आणि पक्का आहे. पोर्तुगीज ‘लेइलाँउ’, त्याचा मराठीत लिलाव. शेवट हुबेहूब तसाच. नाकातला आवाज गेला कुठे, हाही प्रश्न सुटतो. ‘ग्राम’चं मराठीत आधी गांव झालं, ‘नाम’चं नांव, आणि मग बोलण्यातून अनुनासिक झिजलं. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले हे अनुस्वार लेखनातूनही काढले. नाकातला ‘आव’ साधा ‘आव’ करणं ही मराठीची घरचीच सवय आहे. पोर्तुगीज शब्द त्याच वाटेने गेला. सिंहली आणि जपानी लोकांनी तोच नाकातला आवाज ‘न’ म्हणून पकडला, गुजरातीने तो नाकातच ठेवला.

हीच कसोटी ‘साबण’ला लावून पाहा. पुष्कळ याद्यांत साबण पोर्तुगीज म्हणून डोळे झाकून घातलेला असतो. पोर्तुगीज शब्द आहे ‘साबाँउ’. तो आला असता तर पाव आणि लिलाव यांच्या चालीने मराठीत ‘साबाव’ व्हायला हवा होता. शेवटी ‘ण’ आहे, म्हणून माझं मत अरबी-फारसी ‘साबून’च्या बाजूने पडतं.

सातवी पायरी : खोटे नातेवाईक बाहेर काढा

चिनी ‘बाओ’ हे पहिलं नाव. मऊ, पांढरा, आत काहीतरी भरलेला, आवाजही जवळचा. पण चिनी भाषेत ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणे, पुडी, आणि तो वाफवतात. चिनी शब्दाला स्वतःचं पूर्ण घर आहे, त्याला पोर्तुगीज पावाची गरज नाही, आणि आपल्या पावालाही त्याची नाही.

दुसरं, जपानी ‘पान’ आणि मराठी ‘पान’. आपलं पान ‘पर्ण’वरून आलं. इथे अर्थच इतका लांब आहे की कुणी फसणार नाही.

तिसरं मात्र खरंच फसवणारं आहे. इंग्रजीत कुत्र्या-मांजराच्या पंजाला ‘पॉ’ म्हणतात. हिंदीत पाय म्हणजे ‘पाँव’. आवाज जवळचा, अर्थ जवळचा, दोन्ही भाषा भारतापासून युरोपापर्यंत पसरलेल्या एकाच भारोपीय कुळातल्या. आणखी काय हवं? हवा नियम. संस्कृतातल्या सुरुवातीच्या ‘प’च्या जागी इंग्रजीच्या अस्सल शब्दांत ‘फ’ येतो, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलं. पितृ–फादर, पञ्च–फाइव्ह. त्या हिशोबाने ‘पाद’चा इंग्रजी भाऊ ‘फ’ने सुरू व्हायला हवा, आणि तो आहेच : ‘फूट’. बारा इंचांची फूटपट्टी आणि पाव किलो साखर एकाच मुळाची. ‘पॉ’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला उपरा. जास्त सारखा दिसणारा परका निघाला आणि मुळीच सारखा न दिसणारा सख्खा. हे उदाहरण नीट पचलं की या विषयातली अर्धी फसवणूक टळते.

याच कुळातली फारसी शाखा ‘पा’ किंवा ‘पाय’ असं म्हणते. त्या ‘पाय’ला ‘जामा’ म्हणजे वस्त्र जोडून पायजमा झाला. लॅटिनमधला ‘पेद’ सायकलच्या पेडलमध्ये आहे.

किती मागे जायचं?

शब्द उसना असेल तर देणाऱ्या भाषेत निदान एक पिढी मागे जावं. पोर्तुगीज ‘पाँउ’ आला लॅटिन ‘पानिस’वरून, विभक्तीतलं रूप ‘पानेम’. त्याची भावंडं म्हणजे स्पॅनिश ‘पान’, इटालियन ‘पाने’, फ्रेंच ‘पँ’. इथे थांबलं तरी चालतं. पण या लॅटिन शब्दाचे दोन वंशज मराठीत आधीच राहतात, त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय मला तरी पुढे जाववत नाही.

एक, पँट्री. लांब पल्ल्याच्या गाडीतला पँट्रीवाला डबा. पाव ठेवायची खोली ती पँट्री, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेली. दुसरा शब्द कंपनी. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. एकत्र पाव खाणारा तो सोबती, आणि सोबत्यांचा गट ती कंपनी. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. पाव देणारे मुंबईतून गेले आणि पाव वाटून खाणारे सोबती आले, दोघांच्या नावात तोच एक लॅटिन शब्द.

यापलीकडे, म्हणजे सहा हजार वर्षांपूर्वीच्या कोशात आधी तारा लावून दाखवलेल्या मुळांपर्यंत, घरी बसून जाऊ नये. ते पुनर्रचित रूप असतं, कुणी लिहून ठेवलेलं नसतं. कोशात वाचा, टिपून ठेवा, पण त्यावर आपली नवी इमारत बांधू नका.

शेवटची पायरी : नोंद लिहा

शोध संपला की नोंद तीन-चार ओळींतच लिहायची, आणि प्रत्येक दाव्याला त्याचा पुरावा त्याच ओळीत. नमुना असा :

पाव, पुल्लिंगी नाम, भट्टीत भाजलेली फुगीर रोटी. पोर्तुगीजमधून, ‘आँउ’चा ‘आव’ (तुलना : लिलाव). गुजराती पाउं, बंगाली पाउरुटी, सिंहली पान्, जपानी पान. ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा याच्याशी संबंध नाही. तो ‘पाद’वरून (तुलना : पाय, सव्वा, पाऊण), गुजराती पा, बंगाली पोया.

‘असं म्हणतात’, ‘जाणकार सांगतात’ हे शब्द नोंदीत आले की समजावं, पुरावा अजून मिळालेला नाही. आणि नाकारलेली व्युत्पत्तीही लिहावी, नाकारण्याच्या कारणासकट. नाहीतर पुढच्या गणपतीत ती पुन्हा कुणाच्या तरी मोबाइलवर येते.

सरावासाठी फणस आणि अननस घ्या. दोन्ही फळं, दोन्हींना बाहेरून काटे, दोन्हींचा शेवट ‘नस’. कागद दोन करायचे की एक, ते आधी ठरवा. मग टर्नरमध्ये ‘पनस’ उघडा, ‘अननस’ तिथे मिळतो का पाहा, आणि मिळाला नाही तर दालगादो काढा. ‘पनस’चा ‘फणस’ होताना सुरुवातीचा ‘प’ ‘फ’ झाला आहे. त्याला मराठीत दुसरा साक्षीदार शोधायचा असेल तर ‘परशु’पासून सुरुवात करा; लाकूडतोड्याच्या खांद्यावर उत्तर आहे.